भिकनआबांचं ओंगण

ज्या जीपवर आमचं घर चालायचं, त्या जीपमध्ये माझे सासरे भिकनआबा एक वेळ सोडली तर कधी बसले नाहीत. कुणी फार आग्रह केला की म्हणायचे, "जिच्या पुढी शेपटी हालत नही, त्या गाडीत मी काय बसू?" आणि तंबाखू मळत दुसरीकडं बघायचे. विषय संपला.

आबा हाडाचे गाडीवान. बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात अनंतशेठ म्हणून केळीचे व्यापारी होते, त्यांच्या दमणीवर आबांची सगळी हयात गेली. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. शेठचे मळे आमच्या दापोऱ्याला, वखार इतवाऱ्यात, आणि माल चढायचा तो स्टेशनावर. या तिन्ही ठिकाणी आबा शेठना घेऊन फिरायचे. बैल त्यांच्या नुसत्या आवाजावर चालत. चाबूक होता, पण त्यावर आबांचा पंचा वाळत घातलेला असायचा.

पुढं दुसरी मोठी लढाई संपली, लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या आणि शेठनी त्यातली एक जीप घेतली. स्टिअरिंग डाव्या हाताला, दारं नाहीतच, हिरवा रंग जागोजाग उडालेला. कुठल्या मुलखात गोळ्या चुकवून आलेली ती गाडी आमच्या केळीच्या बांधावरचा चिखल तुडवायला लागली. बैलजोडी शेठनी लांबच्या मळ्यावर धाडली. आबांच्या मुलानं लष्करातून परतलेल्या एका ड्रायव्हरकडून जीप शिकून घेतली आणि बापाच्या जागी लेक बसला.

तो लेक म्हणजे माझा नवरा. आमच्यात नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची रीत नव्हती, पण लिहिताना 'हे' 'हे' करत बसले तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. म्हणून लिहिते : यादव. लग्नात उखाण्यात घेतलंच होतं, आणखी एकदा घेतल्यानं काही बिघडत नाही. माझं नाव रजनी. माहेर चांदनीचं, घर रेल्वेच्या रुळाला लागून. गाडी धडधडत जात असताना बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे, त्यामुळे माझा आवाज मोठा आणि जीभ त्याहून मोठी. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात आम्ही तिघंच होतो.

जीप उभी राहायची ती आमच्या घराला लागून असलेल्या, दमणीसाठी बांधलेल्या छपरीत. छपरी अरुंद. जीपमधून उतरायचं डाव्या बाजूनं, म्हणून यादव ती उजव्या भिंतीला अगदी चिकटवून लावायचा. मग डाव्या बाजूला कसाबसा एक माणूस मावे.

दमणी गेली म्हणून आबा रुसून बसले असतील असं वाटेल. तसं काही नव्हतं. माणूस मुळात समाधानी. पहाटे उठायचे, छपरी झाडायचे, जीपच्या अंगावरचा चिखल पाणी मारून काढायचे, आणि काढताना तिच्याशी बोलायचेही. "कशी लोळली व माय चिखलात?" रात्री जेवताना यादवला एकच प्रश्न ठरलेला. "उद्या कोठी?" यादव सांगायचा, इतवाऱ्यात, किंवा मळ्यावर, किंवा खंडव्याला कचेरीत. आबा मान हलवायचे आणि भाकरी कुस्करायला लागायचे. आयुष्यभर दुसऱ्याला विचारून गाडी जोतलेला माणूस, त्याला हे विचारल्याशिवाय झोप कशी येणार, असं मी समजायचे.

ते वर्ष राज्यांच्या फेररचनेचं. इतवाऱ्यातल्या चहाच्या दुकानांत दुसरा विषय नव्हता. आपली राजधानी नागपूर होती ती आता भोपाळ होणार, जुने शेजारी जिल्हे मुंबईकडं जाणार, आपण मात्र इकडंच. कुणी म्हणे चांगलं झालं, कुणी म्हणे मराठी शाळांचं काय होणार. शेठना तर या सगळ्यापायी खंडव्याच्या कचेरीत सारखं जावं लागे. माझं म्हणणं एवढंच होतं, की राज्य कुठंही जावो, माझा नवरा वाटेतला असीरगडचा घाट उतरून संध्याकाळी धडपणी घरी यायला हवा. कारण जीपच्या ब्रेकचा भरवसा उरला नव्हता.

गंमत अशी, की ब्रेक रोज दगा द्यायचा नाही. इतवाऱ्यात, मळ्यावर, स्टेशनावर जीप गाईसारखी गरीब. ब्रेक दाबला की उभी. पण खंडव्याला निघाली की तिच्या अंगात यायचं. ब्रेक दाबावा तर एकदम उजवीकडं ओढायची, आणि जोरात दाबावा तर नुसतीच घसरत पुढं जायची. एकदा येताना घाटाच्या उतारावर तिनं ऐकलंच नाही. यादवनं गिअर खाली पाडला, जीप डोंगराच्या अंगाला घासत घासत कशीतरी थांबवली. शेठचा फेटा रस्त्यावर, शेठ सीटखाली. दुसऱ्या बाजूला दरी होती.

शेठ मनाचे मोठे. त्या अवस्थेतही त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, "यादव, या जंगलात भजी कोण तळतंय रे?" यादवलाही वास आला होता. दोघांनी इकडंतिकडं बघितलं, माणूस ना काणूस. घाबरल्यावर नाकालाही भलतंच सुचतं, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. पण घरी पोचल्यावर शेठ गंभीर झाले. "पुन्हा असं झालं तर मी जीप विकून टाकेन. तू मळ्यावर पाणी धर. लेकराबाळांचा माणूस आहे मी."

यादव त्या रात्री जेवला नाही. पाणी धरण्यात कमीपणा नाही, आमच्या गावात सगळेच धरतात. पण स्टिअरिंगवर बसलेला यादव मी बघितलेला होता. तो माणूसच वेगळा असायचा. आणि जीप विकली नाही, तर पुढच्या खेपेला डोंगराच्या बाजूला घासण्याऐवजी दुसऱ्या बाजूला गेली म्हणजे? मला तर दोन्हीकडून धास्ती. आबाही त्या रात्री ओट्यावर बराच वेळ बसून होते. "आता मलेच जास्त ध्यान द्यावं लागीन," असं काहीतरी पुटपुटले. मला वाटलं, देवाला नवस बोलतायत.

इतवाऱ्यात शालिग्राम मिस्त्रींचं गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. मिस्त्री हुशार, पण हुशारी आधी बोलून दाखवायची आणि मग वापरायची, असा स्वभाव. जीप बघताच म्हणाले, "पाइपात हवा धरलीय. बच्चे का काम है." हवा काढून दिली. इतवाऱ्यातून तीन फेऱ्या मारल्या, ब्रेक एकदम पक्का. पुढच्या खंडव्याच्या खेपेला पुन्हा तेच. मग म्हणाले, "मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय, मला पहिल्याच दिवशी शक होता." शक होता तर पहिल्याच दिवशी का नाही बदललं, असं मी विचारलं असतं, पण मी तिथं नव्हते. रबर बदललं. चारही चाकं उघडून आतले लायनर, म्हणजे ब्रेकचे पट्टे, त्यांवरची ओल ब्रेकच्या तेलाचीच धरून पेट्रोलनं पुसून दिले. ब्रेक पुन्हा पक्का, खंडव्याच्या वाटेवर पुन्हा कच्चा. शेवटी मिस्त्री म्हणाले, "गाडीत खराबी नाही. ड्रायव्हरच्या पायात आहे."

हे ऐकून यादव आला तो दगडासारखा गप्प. मी मात्र गप्प बसणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी भाजी आणायच्या निमित्तानं यादवबरोबर जीपमध्ये बसून इतवाऱ्यात गेले आणि मिस्त्रींच्या दुकानासमोर उभी राहिले.

"मिस्त्री, माझ्या माणसाचा पाय इतवाऱ्यात चांगला आणि खंडव्याच्या रस्त्यावर खराब, असं कसं?"

"वहिनी, तुम्हाला मशीनमधलं समजणार नाही."

"नाहीच समजत. म्हणून तर विचारते. जवळ जायचं असलं की ब्रेक नीट, लांब जायचं असलं की बिघडतो. आपण कुठं निघालोय हे गाडीला सांगतं कोण?"

मिस्त्री हसले. मग हसायचे थांबले. हातातला पाना त्यांनी दोनदा उलटासुलटा केला आणि म्हणाले, "निघताना बिघडतो का, चढताना, की उतरताना?"

यादव आठवून म्हणाला, "निघाल्यापासूनच. घराबाहेर पडलो की वळणावरच उजवीकडं ओढती."

"म्हणजे बिघाड रस्त्यात होत नाही. तुमच्या घरी होतो." मिस्त्रींनी पाना खिशात घातला. "उद्या खंडव्याला जायचं आहे असंच समज, रोजच्यासारखी सगळी तयारी कर. मी सकाळी दापोऱ्याला येतो. गाडी चालू करायची नाही."

रात्री जेवताना आबांनी विचारलं, "उद्या कोठी?" यादव म्हणाला, "खंडव्याले." आबांनी मान हलवली.

सकाळी मिस्त्री सायकलवरून आले, हत्यारांची पिशवी हँडलला. आबा ओट्यावर अंबाडीचा दोर वळत बसले होते. त्यांनी मिस्त्रींना रामराम केला, मला चहा टाकायला सांगितला. जीप ढकलून उजेडात आणली. मिस्त्रींनी पुढचं डावं चाक उतरवलं आणि ब्रेकचा ड्रम ओढून काढला. आतले लायनर ओलेचिंब होते.

"बघा!" मिस्त्री ओरडले. "चाकाचा सिलिंडर गळतोय. मी म्हटलंच होतं."

त्यांनी म्हटलेलं नव्हतं, पण असो. यादवनं ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण काढलं. टाकी काठोकाठ भरलेली. "गळतंय तर हे कमी व्हायला नको का?"

मिस्त्रींनी मागचं डावं चाक उघडलं. तेही ओलं. मग उजवीकडची दोन्ही उघडली. कोरडी ठणठणीत. आता त्यांचं बोलणं बंद झालं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस खरंच काम करतोय. डावीकडचं बोटावर घेऊन त्यांनी उन्हात धरलं. "गिअरचं तेल असतं तर काळं असतं, नाकाला झोंबलं असतं. हे पिवळं आहे." वास घेतला. यादवच्या नाकाशी धरलं. यादव म्हणाला, "भजी!"

मी पुढं होऊन वास घेतला. दुसऱ्या कुणाला कळो न कळो, मला कळणार नाही तर कुणाला? घाण्यावरून काढून आणलेलं शेंगदाण्याचं तेल. माझ्याच बुधल्यातलं. गेले कित्येक दिवस बुधला लवकर रिकामा होत होता आणि मी शेजारच्या मांजरीला शिव्या घालत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आमच्याच छपरीत बसून कुणी केली असावी.

"मीच घातलं ते," ओट्यावरून आबा म्हणाले. चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान. "लांब जायाचं असलं म्हनजे घालतो. पहाटीच घातलं. ओंगणल्याबिगर गाडी काढू नये."

ओंगण म्हणजे बैलगाडीच्या चाकाला द्यायचं वंगण. गाडीखाली एक बांबूची नळी टांगलेली असते, तिच्यात तेल. जवळच्या खेपेला लागत नाही, पण लांबच्या खेपेला निघताना आसाला तेल दिल्याशिवाय कुठलाच गाडीवान बैल जुंपत नाही. आबांची ती नळी दमणी गेल्यावरही छपरीच्या खुंटीला तशीच होती. ती रोज माझ्या डोळ्यांसमोर होती. डावीकडच्या बाजूला माणूस मावायचा, तिथं आबा बसायचे आणि चाकाच्या मागच्या पत्र्याच्या फटीत नळी लावायचे. उजवीकडं भिंत. तिकडं हात पोचत नव्हता, म्हणूनच उजवीकडचे ब्रेक शाबूत होते. म्हणूनच जीप उजवीकडं ओढायची, आणि घाटात ड्रम तापले की तेल जळून भज्यांचा वास सुटायचा, मग ब्रेक पुन्हा धरायचा.

"बैलगाडीले मी एरंडीचं काळं तेल घालायचो," आबा सांगत होते. "हे घरातलं चांगलं घातलं. पोऱ्याची गाडी हाये."

मिस्त्री जमिनीकडं बघत होते. यादव बापाकडं बघत होता. मग मी बोलले. मला जे वाटतं ते पोटात राहत नाही.

"आबा, तुमच्या तेलानं ब्रेक सुटतो! घाटात तुमचा लेक मरता मरता वाचला, तो या तेलापायी!"

आवाज गल्लीभर गेला. आबांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग यादवकडं, पायापासून डोक्यापर्यंत, जणू तो कुठं मोडला तर नाही ना हे बघत होते. हातातला दोर सुटून खाली पडला. माझा राग त्याच क्षणी उतरला, पण सुटलेला शब्द काही परत येत नाही.

तेव्हा त्या बडबड्या मिस्त्रींनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना त्यांच्या सगळ्या बढाया माफ करून टाकल्या. ते उघडा ड्रम घेऊन ओट्यावर आबांशेजारी जाऊन बसले. "आबा, तुमची चूक नाही. तुमच्या दमणीच्या चाकाला एकच काम. फिरायचं. थांबवायचे ते बैल थांबवायचे. खरं ना? जीपच्या चाकाला दोन कामं. फिरायचं आणि थांबायचंही तिथंच. हे लायनर ड्रमला आतून घट्ट धरतात, तेव्हा ती उभी राहते."

आबांनी ड्रम हातात घेतला. आतून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले.

"म्हनजे बैल चाकाच्या आत हाये," ते म्हणाले.

"बरोबर."

"आनं मी त्याच्या खुराखाली तेल ओततो."

आबा यादवकडं वळले. "त्या दिवशी घाटात झालं ना, तवापासून मी जास्तच घालू लागलो रे. म्हटलं, कमी पडलं असन."

यादव त्यांच्यापुढं उकिडवा बसला. "जाऊ द्या ना आबा. तुम्ही गाडीला जपत होता."

"गाडीले कशाले जपू?" आबा चिडूनच म्हणाले. "गाडी शेठची हाये."

मी आत गेले. चहा उतू गेला होता. पदरानं डोळे पुसले आणि दुसरा चहा टाकला, साखर जास्त घालून.

मिस्त्रींनी डावीकडचे लायनर पेट्रोलनं धुतले, वर पॉलिश कागद मारला, ड्रम आतून कोरडे केले. मग आबांना हाताला धरून जीपखाली वाकायला लावलं आणि दाखवलं, की स्प्रिंगांच्या टोकांना, स्टिअरिंगच्या सांध्यांना छोटी छोटी तोंडं आहेत, तिथं ग्रीस भरायचं असतं. "हे ड्रायव्हर लोक कधी भरत नाहीत, सगळे आळशी. हे तुमचं काम." ग्रीस मारायची पिचकारी त्यांनी आपल्या पिशवीतून काढून आबांच्या हातात दिली. आबांनी ती उलटसुलट बघितली आणि बाजूला ठेवली.

"आधी घाट बघू," ते म्हणाले.

"मी आणि यादव जाऊन येतो," मिस्त्री म्हणाले.

आबा आत गेले. बाहेर आले ते धुतलेलं धोतर आणि लग्नाकार्यातला फेटा घालून. सरळ जीपकडं चालत गेले, यादवशेजारच्या सीटवर चढले आणि समोर बघत बसले. यादव म्हणाला, "आबा, तुम्ही कशाला? मिस्त्री आहेत ना." आबा म्हणाले, "तेल कोन ओतलं? मी. मंग पुढी कोन बसीन? चाल." मिस्त्री मुकाट्यानं मागं बसले. मीही चढून बसले. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

आम्ही घाट चढलो. वर गडाच्या पायथ्याशी जीप वळवली. उतार लागला तसे आबांनी दोन्ही पाय फळीवर रोवले, एका हातानं काचेची चौकट धरली, आणि जिथं शेपटी हलत नव्हती तिथं बघून ओरडले, "हो! हो राजा! हो, हो!" यादवनं ब्रेक दाबला. जीप ना उजवीकडं गेली ना डावीकडं, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. पुढच्या वळणावर पुन्हा, त्याच्या पुढच्या वळणावर पुन्हा. प्रत्येक वेळी आबा आधी "हो" म्हणायचे आणि यादव मग दाबायचा. ज्या जागी जीप डोंगराला घासली होती तिथं दगडावर हिरवा रंग लागलेला दिसला. आबांनी तो पाहिला. तिथंही यादवनं ब्रेक दाबला आणि तिथंही ती थांबली. आबांनी यादवच्या मांडीवर हात ठेवला, तो घाट उतरेपर्यंत काढला नाही.

शेठना सगळं सांगितलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हणजे भजी माझ्याच गाडीत तळली जात होती!" जीप राहिली, यादव राहिला. भोपाळचं राज्य आलं, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या, आणि यादव शेठना घेऊन घाट चढत-उतरत राहिला. आबा पुन्हा कधी जीपमध्ये बसले नाहीत. पिचकारी मात्र त्यांच्या हाताला चांगली बसली. पुढं पुढं तर मिस्त्रीच आपल्या दुकानातल्या गाड्यांना ग्रीस मारायला त्यांना बोलवायला लागले. मीही माझ्या ओरडण्याबद्दल आबांची माफी मागितली, तर म्हणाले, "तू वरडली म्हनून कळलं. नही तं मी अजून घातलं असतं."

घाटाच्या दुसऱ्याच दिवशी खरोखरची खंडव्याची खेप होती. यादव जीपमध्ये बसला आणि छपरीतून आबा आले, हातात ती बांबूची नळी. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी माझ्यासमोर नळी उलटी केली. थेंब पडला नाही. आतून पुसून कोरडी केली होती. मग ते वाकले, डाव्या चाकाच्या फटीला नळीचं तोंड लावलं, क्षणभर तसंच धरलं, आणि सरळ होऊन म्हणाले, "जाय आता."

आबा असेपर्यंत दर लांबच्या खेपेला हे व्हायचं. शेठ घाई करत असले तरी, पाऊस कोसळत असला तरी, नळी चाकाला लागल्याशिवाय यादवनं कधी जीप चालू केली नाही.